टाय रॉड घरी, रॅक गॅरेजात

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, नोकरी ऐरोलीला. गाडी 2014 ची छोटी हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची, सेकंडहँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यापासून डावं चाक खड्ड्यात गेलं की पुढून 'खट' असा आवाज येतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा उजवीकडे धरावं लागतं. एका गॅरेजात टाय रॉड एंड गेलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्यात थेट 'रॅकच बदला' म्हणाले आणि 16,000 रुपयांचा आकडा दिला. मी ऑनलाइन एक स्टिअरिंग टूल किट बघून ठेवलंय. बॉल जॉइंटचा पुलर, रॅक एंड काढायची लांब नळी, स्टिअरिंग व्हीलचा पुलर, एक लोखंडी काटा, सगळं एका पेटीत. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत फिटर होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणतात, किट कशाला, दोन हातोड्यांत काम होतं. बायको म्हणते, स्टिअरिंगला घरी हातच लावायचा नाही. किट घेऊ का? आणि यातलं घरी किती करता येईल?

उत्तर:

नमस्कार. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ते आधी सांगतो. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या रॉडचं चाकाकडचं टोक, तुम्ही आणि बाबा मिळून घरी व्यवस्थित बदलू शकता. आतला रॅक एंड, म्हणजे त्याच रॉडचं रॅककडचं टोक, मेहनतीचा आहे; जमण्यासारखा असला तरी पहिल्या खेपेला नको. रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा), स्टिअरिंग कॉलम (व्हीलखालचा दांडा) आणि स्टिअरिंग व्हील मात्र घरी खोलू नका. ती पेटीही घेऊ नका. तिच्यातलं एकच हत्यार तुम्हाला नक्की लागणार आहे आणि ते सुटं मिळतं. ज्या दोन वस्तूंवर आधी पैसे घालायला हवेत, त्या पेटीत नाहीतच.

पण हत्यारांच्याही आधी, नेमकं काय गेलंय ते बघा. दोन गॅरेजांनी दोन निदानं केली आणि चाक उचलून हलवून बघितल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. खड्ड्यातला 'खट' टाय रॉड एंडचा असू शकतो, तसा लिंक रॉडचा, लोअर आर्मच्या बुशचा, खालच्या बॉल जॉइंटचा किंवा वर स्ट्रटच्या माउंटिंगचाही असतो. घोडबंदर रोडवर, त्यातही गायमुखच्या घाटात पावसाळा काढलेल्या गाडीत यातलं काहीही ढिलं झालेलं असू शकतं. नुसता लिंक रॉड निघाला तर हे सगळं प्रकरण दोन नटांत मिटतं.

बघायचं असं. गाडी जमिनीवर, चाकं सरळ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू. बाबांना आत बसवा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे अगदी थोडं, चार बोटं इतकंच, भराभर हलवायला सांगा. तुम्ही बाजूला बसून चाकामागे टॉर्च मारा. गाडीखाली शिरायचं नाही. टाय रॉड सरकतो, पण चाकाचा नकल (ज्यावर चाक बसतं तो धातूचा भाग) त्याच क्षणी सरकत नाही, असं दिसलं तर एंड गेला. डोळ्यांना कळलं नाही तर एंडच्या सांध्यावर दोन बोटं टेकवा. गेलेला सांधा बोटांना टिचकी मारल्यासारखा लागतो. हात मात्र चाक आणि बॉडीच्या मध्ये येणार नाही असा ठेवा.

मग इंजिन बंद करून चाक उचला आणि गाडी जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या घोडीवर) टेकवा. घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी टायर धरून ढकला-ओढा. फक्त असं धरूनच प्ले (ढिलेपणा) लागला तर तो बहुधा टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅक यांपैकी कुठला तरी. 12 आणि 6 वर धरून प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आणि मग टाय रॉड बदलून आवाज जाणार नाही. आतला रॅक एंड तपासायला बाबांना टायर हलवू द्या आणि तुम्ही रॅकचा रबरी बूट चिमटीत दाबा. आतला गोळा बोटांना लागतो, तो सॉकेटमध्ये टकटकतोय का ते कळतं. बूट फाटलेला असेल तर आत पाणी आणि चिखल गेलाय हे गृहीत धरा. स्टिअरिंग उजवीकडे धरावं लागतं म्हणालात, त्यासाठी हे सगळं करण्याआधी चारही टायरांची हवा सारखी करून बघा. त्याला पंपावर पाच मिनिटं लागतात.

समजा, एंडच निघाला. आता हत्यारं.

पहिली खरेदी जॅक स्टँडची जोडी. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक पंक्चर झालं तर टायर बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर टाय रॉडचा नट ताकद लावून सोडवायला जाल तर गाडी डोलते आणि जॅक तिरका होतो. विटा किंवा ब्लॉकांची चळत तर नकोच. विटेला भार एका टोकावर आला की ती इशारा न देता फुटते. तुमच्याकडच्या सोसायट्यांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात, पावसाळ्यानंतर त्यांच्याखालची रेती बसलेली असते. स्टँडच्या पायाखाली जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर एक पाय हळूच खचतो. स्टिल्टमधला सिमेंटचा सपाट कोबा मिळाला तर उत्तम. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडाचे ठोकळे लावा. हे सगळं झाल्यावर गाडीला खांद्याने धक्का देऊन बघा. हलली तर खाली उतरवून पुन्हा लावा.

दुसरी खरेदी टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोराइतकाच आवळला की सांगणारा पाना. इथे मी बाबांशी बोलतोय असं समजा. बाबा, तुमच्या हाताला नट किती आवळला ते कळतं यावर माझा विश्वास आहे. पण तो हात मोठ्या मशिनच्या फाउंडेशन बोल्टवर तयार झालेला आहे. छोट्या गाडीच्या टाय रॉड एंडचा नट त्यामानाने फार हलका असतो. समजा, मॅन्युअलमध्ये 45 न्यूटन-मीटर दिलंय. म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण 9 किलोचा जोर, बस. सवयीने लांब दांडा लावून दाबलं तर सहज दुप्पट जाईल. आटे ताणले जातील आणि ते बाहेरून दिसणारही नाही. कमी आवळला तर सांध्याचा निमुळता भाग (टेपर) नीट बसत नाही आणि सांधा आतल्या आत झिजत राहतो. आकडा तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच सालच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्याच्या गाडीचा चालणार नाही. अर्धा इंची क्लिकवाला रेंच घ्या आणि त्याची रेंज 40 किंवा त्याच्याही खालून सुरू होते ना ते बघा. नट सोडवायला तो कधीही वापरू नका आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे स्प्रिंग टिकते. चाकाचे नटही यानेच आवळायचे.

आता पुलर. टाय रॉड एंडचा खुंट आणि नकलमधलं भोक दोन्ही टेपर असतात. नट काढला तरी खुंट बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसून राहतो. वर्षानुवर्षांचं पाणी आणि खाडीची हवा लागलेली असली की जास्तच. तो सोडवायचे तीन मार्ग. काटा ठोकायचा, हातोडीने नकलच्या डोळ्यावर (त्या भोकाभोवतीच्या कड्यावर) मारायचं, किंवा पुलरने दाबायचं.

काटा हे त्या पेटीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आडदांड हत्यार. तो घुसताना रबरी टोपी फाडतोच. एंड फेकायचाच असेल तर ठीक. पण उद्या फक्त रॅकचा बूट बदलायला चांगला एंड सोडवायची वेळ आली आणि तेव्हाही काटाच हाताशी असला, तर चांगला एंड वाया जाईल.

दोन हातोड्यांची बाबांची पद्धत खोटी नाही. एक जड हातोडी डोळ्याच्या एका बाजूला टेकवून दुसरीने समोरून कडक एक-दोन ठोके मारले की डोळा क्षणभर दबतो आणि टेपर सुटतो. जुने मेकॅनिक असंच काढतात. मार डोळ्याच्या बाजूवर पडला पाहिजे, खुंटाच्या आट्यांवर कधीच नाही. चाकामागे हातोडी फिरवायला जागा मात्र कमी असते. निसटलेला ठोका ब्रेकच्या होजवर किंवा एबीएसच्या सेन्सरवर बसला तर नवीनच दुखणं.

म्हणून पुलर घ्या. कात्रीसारख्या दोन जबड्यांचा आणि मागे आवळायचा बोल्ट असलेला मिळतो, तो छोट्या गाडीला पुरतो. घेण्याआधी तुमच्या एंडचा खुंट किती जाड आहे आणि डोळ्याच्या वर रबरापर्यंत फट किती आहे ते मोजा. बाजारात मिळणारे बरेच पुलर मोठ्या गाड्यांच्या मापाचे असतात, त्यांचा जबडा हॅचबॅकच्या फटीत शिरतच नाही. हे फोटोवरून कळत नाही. मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जाणं झालं तर जुना एंड किंवा निदान मापं बरोबर न्या आणि हातात धरून बघून घ्या. पुलरच्या बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि तो हाताच्या पान्यानेच आवळा, इम्पॅक्ट गन लावू नका.

आणि हे लक्षात ठेवा. नट पूर्ण काढून टाकायचा नाही. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडलेली पिन) काढा, नट ढिला करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होऊन उसळतो. नट असला की पुलर आणि रॉड जागच्या जागी थांबतात. नट काढून टाकलेला असला की तेच हत्यार तुमच्या तोंडाच्या दिशेने येतं. डोळ्यांना गॉगल हवाच.

कामाचा क्रम असा. आदल्या रात्री एंडच्या मागच्या आट्यांना तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग उचला. चेक नट (एंडला रॉडवर जागच्या जागी घट्ट धरणारा मागचा नट) सोडवताना एका पान्याने टाय रॉड धरून ठेवा, नाहीतर आतला रॉड फिरतो आणि बूट पिळला जातो. चेक नट पाव फेराच सोडा आणि तिथे रॉडवर पांढऱ्या रंगाची खूण करा. टेपर सुटल्यावर एंड रॉडवरून काढताना किती फेऱ्यांत सुटला ते मोठ्याने मोजा. नवा तितक्याच फेऱ्यांत चढवा. नव्या एंडची लांबी जुन्याशी शेजारी धरून ताडून बघा, कंपनी वेगळी असली तर फरक असू शकतो. टेपर आणि भोक कोरड्या फडक्याने पुसून बसवा. तिथे ग्रीस लावायचं नाही. ग्रीस लागलं की नट आवळताना खुंट गोल गोल फिरायला लागतो. नट टॉर्कवर आला पण स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट जुळेपर्यंत थोडा पुढे आवळा. मागे कधीच सोडू नका. पिन नवी टाका. जुनी पिन सरळ करून परत वापरायची सवय सोडा, ती दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. तुमच्या एंडला स्प्लिट पिनऐवजी नायलॉनचा नट असेल तर तोही नवाच घ्या.

गाडी स्टँडवर असताना आणि एंड सुटलेला असताना आत बसून कोणी स्टिअरिंग फिरवायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमच्या पत्नीची भीती अगदी बरोबर आहे. टाय रॉड एंड चालत्या गाडीत निसटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, वाटेल तिकडे वळतं. घोडबंदर रोडला शेजारच्या लेनमध्ये कंटेनर असतो, हे त्या रोज बघतात. त्यांना या कामाच्या बाहेर ठेवू नका. मॅन्युअलमधली पायरी त्यांनी वाचायची, तुम्ही करायची, आणि टॉर्कचा आकडा व पिन त्यांनी स्वतः बघून 'झालं' म्हणायचं. काम करणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली पिन बघणाऱ्याला दिसते. आणि मध्येच काही अडलं, आटे खराब दिसले, खुंट फिरत राहिला, तर गाडी तशीच चालवत गॅरेजात नेऊ नका. टोइंग बोलवा.

रॅक एंडचं थोडक्यात. त्या पेटीतली लांब नळी याच्यासाठी असते, ती टाय रॉडवरून आत सरकवून सॉकेट पकडते. हत्यार चांगलं आहे, पण सगळ्या सॉकेटना सपाट बाजू नसतात, काही नुसते गोल असतात आणि त्यांना वेगळी पकड लागते. सॉकेटखाली बऱ्याचदा दुमडलेला लॉक वॉशर असतो, तो आधी सरळ करावा लागतो, आणि बसवताना नवा दुमडावा लागतो. सगळ्यात मोठा धोका असा की तुम्ही सॉकेटवर लावलेला जोर रॅक धरून ठेवला नाही तर थेट पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दातांवर जातो. म्हणजे एंड बदलायला गेलात आणि 16,000 चा रॅक खरंच खराब केलात. पहिल्या खेपेला फक्त बाहेरचा एंड करा. बूट चिमटून बघितल्यावर आतला गेलेला निघाला तर बाहेरचा आणि आतला दोन्ही गॅरेजातच एका वेळी बदलून घ्या, अलाइनमेंट एकदाच करावी लागेल.

स्टिअरिंग व्हीलच्या पुलरला हात लावू नका. या कामात व्हील काढावंच लागत नाही. व्हीलच्या मध्यभागी एसआरएस लिहिलेलं असेल तर तिथे एअरबॅग आहे. ड्रायव्हरची एअरबॅग भारतात 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या तुमच्या गाडीत ती असेल किंवा नसेल, व्हेरिअंटवर आहे. असेल तर ती चुकून फुटली की काही मिलिसेकंदांत तोंडावर आदळते. बॅग नसली तरी पुलरचे बोल्ट मापापेक्षा लांब निघाले तर मागचे भाग फोडतात, आणि पुलर टाळून हातोडीने व्हील ठोकलं तर अपघातात दबून जाण्यासाठी बनवलेला कॉलम आधीच दबतो. वर तुमच्या गाडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग. कॉलम उघडल्यावर टॉर्क सेन्सर (स्टिअरिंगला हाताने किती जोर लावला ते मोजणारा) जुळवायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो.

तशीच एक युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. रॅकखालचा स्क्रू थोडा आवळला की खडखड थांबते. थांबते खरी. पण स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. गायमुखच्या वळणावर ते परत आलं नाही तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

रॅकच बदला म्हणणाऱ्या गॅरेजला इतकंच विचारा की प्ले नेमका कुठे आहे, तो चाक उचलून मला दाखवा. दाखवलं तर त्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्या. दाखवायला तयार नसतील तर तिसरीकडे जा. पार्ट घेताना Rane सारख्या पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा किंवा गाडीच्या कंपनीचा सीलबंद एंड घ्या, सुटा, बिनखोक्याचा नको.

आता अलाइनमेंट. फेरे मोजून बसवलं तरी ती चुकवायची नाही. रॉडचे आटे साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर अंतराचे असतात. नकलचा हात बारा-तेरा सेंटिमीटरचा आणि 14 इंची रिम त्याच्या जवळपास तिप्पट रुंद. म्हणजे एका फेऱ्याची चूक रिमच्या कडेला चारेक मिलिमीटरची होते, आणि छोट्या गाड्यांच्या टोला (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली असतात त्या मापाला) बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरचीच सवलत असते. अर्धा फेरा चुकला तरी नवे टायर आतून किंवा बाहेरून खरवडले जातील. काही शे रुपयांचं काम आहे. घरून थेट, आतल्या रस्त्याने, 30-40 च्या वेगात जवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे जा. आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट मागा. मशिनवर घेताना स्टिअरिंग बरोबर मध्यात लॉक केलंय ना ते बघा, नाहीतर चाकं सरळ आणि स्टिअरिंग तिरकं अशी गाडी परत मिळते.

तिथेही एक गोष्ट बघायला थांबा. टो जुळवताना ते चेक नट सैल करतात आणि घाईच्या वेळी तो हातानेच टेकवून सोडून देतात. तुमच्यासमोर दोन्ही बाजूंचे चेक नट पान्याने आवळून घ्या आणि नटापासून रॉडवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे टॉर्च मारा. रेघ सलग दिसली तर चेक नट हललेला नाही. तुटलेली दिसली तर गाडी पुन्हा अलाइनमेंटला न्या.